पडणाऱ्यांची गंमत

मिहिर वाळूजच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायचा. कुठं तडा आहे, कुठं खोट आहे, हे बघण्यात त्याचा दिवस जायचा. दिवाळीच्या आधी आई पडली आणि तेव्हापासून तो ज्योतीनगरच्या आपल्या फ्लॅटकडंही त्याच नजरेनं बघू लागला. पायपुसणी गेली, टीपॉयच्या कोपऱ्यांना स्पंज लागला, बाथरूममध्ये तीन ठिकाणी दांडे बसले. शेवटी त्यानं हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक छोटा कॅमेराही लावला. त्यातून आईचा सोफा दिसायचा. ऑफिसात आवाज बंद करून तो मोबाइलवर मधूनमधून बघायचा. त्याची बायको चारुता म्हणायची की तू बघितल्यानं त्या पडायच्या थांबणार आहेत का? तरी तो बघत राहायचा.

त्याच्या आईच्या, मीनाक्षीबाईंच्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं. चालायला लागा, असं डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं आणि पुढं प्रत्येक भेटीत सांगितलं. पण त्या चालत नव्हत्या. वॉकर समोर आणून ठेवला की मान फिरवायच्या. त्यांना सांभाळायला ठेवलेल्या सोनियाच्या आधारानं पलंगावरून सोफ्यावर, सोफ्यावरून बाथरूमपर्यंत, तेवढंच. डॉक्टरांनी मिहिरला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की या वयात बसून राहणं हाड मोडण्यापेक्षा वाईट असतं. त्या दिवसापासून त्याला दुहेरी भीती होती. आई चालली तर पडेल, आणि नाही चालली तर हातची जाईल.

सोनिया फुलंब्रीहून रोज सकाळच्या बसनं यायची आणि चारुता बँकेतून परतेपर्यंत थांबायची. काकूंना रमवायचं कसं हा तिच्यापुढचा प्रश्न होता. मीनाक्षीबाईंना कमी ऐकू यायचं. मशीन लावलं की डोकं दुखतं म्हणून ते डबीत पडून असायचं. मालिका लावली की त्या माणसांचे हलणारे ओठ बघून वैतागायच्या.

जानेवारीतल्या एका दुपारी मिहिरनं जेवणाच्या सुट्टीत मोबाइल उघडला. आई सोफ्यावर पुढं वाकलेली होती. तिचे खांदे हिसके दिल्यासारखे हलत होते. एक हात छातीवर होता, दुसऱ्यानं तिनं उशी घट्ट धरली होती. मग तिचं डोकं मागं गेलं, तोंड उघडं पडलं आणि डोळे मिटले. सोनिया कुठं दिसेना.

त्यानं सोनियाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावेपर्यंत तो पार्किंगमध्ये पोचला होता. निघताना त्यानं चारुताला फोन केला. आईला काहीतरी होतंय, एवढंच तो म्हणाला.

वाळूजहून येताना नगर नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. त्यानं मोबाइल बघायला उचलला आणि परत ठेवून दिला. बघायची हिंमत होईना. आईच्या बहिणीला कळवावं लागेल. अँब्युलन्स आधीच बोलवायला हवी होती. आपण वेळ घालवला. बाबा पेट्रोल पंपाजवळ एका रिक्षावाल्यानं त्याला शिवी दिली, ती त्याला ऐकू आली पण कळली नाही. जिने चढताना किल्ली दोनदा हातातून निसटली.

दार उघडलं तर आई सोफ्यावर बसून हसत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती पदरानं ते पुसत होती. सोफ्याच्या कडेला, कॅमेऱ्यात येत नाही तिथं, सोनिया फरशीवर बसली होती, तीही तोंड दाबून हसत होती. टीव्हीवर शंभरएक वर्षांपूर्वीचा काळा-पांढरा मूकपट चालू होता. एक जाडा वाढपी ओल्या फरशीवरून घसरत होता, उठत होता, पुन्हा घसरत होता, आणि दर वेळी हातातलं ताट तेवढं वाचवत होता. शेवटी तो नीट उभा राहिला आणि ताट त्याच्या हातून एका बाईच्या मांडीवर पडलं.

मिहिर दारातच उभा राहिला.  मग त्याला राग आला. त्यानं जाऊन टीव्ही बंद केला आणि सोनियाला विचारलं की फोन का उचलत नाहीस. तिचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता.

"दादा, काकूंना ऐकू येत नाय ना," सोनिया उठत म्हणाली. "यात कुणी बोलतच नाय. त्यान्ला सगळं समजतं. लई हसतात."

मिहिर तिला म्हणाला की काय दाखवावं याचा काही विचार करावा. ज्या बाईला पडायची दहशत बसलीय तिला पडणारी माणसं दाखवायची? सोनियाचा चेहरा उतरला. तेवढ्यात चारुताचा फोन आला. आई ठीक आहे, एवढं सांगून त्यानं तो ठेवला.

"तिला बोलू नकोस," आई म्हणाली. "मीच लावायला सांगते. चार दिवस झाले." मग तिनं त्याला जवळ बसायला सांगितलं. ऐकू कमी येत असल्यानं ती एरवी मोठ्यानं बोलायची, पण आता हळू बोलली. "मी पडले त्या दिवशी गुलमंडीच्या बाजारात सगळे हसले होते. तुला माहीत आहे?"

मिहिरला माहीत होतं. तो समोरच्या बाजूनं स्कूटर काढत होता. कापडाच्या दुकानाच्या पायरीवरून आईचा पाय सरकला, तिनं आधाराला टांगलेल्या ओढण्या धरल्या, ओढण्यांचा दांडा निघून आला, आणि दाराशी साडी नेसवून उभा केलेला पुतळा तिच्या अंगावर आडवा झाला. ती ओढण्यांच्या ढिगाखाली होती आणि रस्त्यावरची माणसं हसत होती. मग कुणाच्या तरी लक्षात आलं आणि सगळे धावले. तिला ते ऐकू गेलं नसेल, असं तो इतके दिवस धरून चालला होता.

"ऐकू येत नाही, पण दिसतं ना मला," ती म्हणाली. "ओढणीच्या फटीतून सगळ्यांचे दात दिसले. तेव्हापासून पाय टाकायचा म्हटलं की तेच दात दिसायचे. वाटायचं, किती निर्दय असतात माणसं." ती थांबली. "आणि पहिल्या दिवशी हा जाड्या पडला तर मी हसले. माझं त्याच्याशी काय वैर होतं?"



"मी नक्की कशी पडले, ते मला कळलंच नाही," आई म्हणाली. "तू बघितलंस. करून दाखव."

त्यानं आधी नकार दिला. तिनं पुन्हा सांगितलं. सोनियानं आतून गादी आणून जमिनीवर अंथरली आणि दोरीवरच्या दोन ओढण्या हातात धरून उभी राहिली. मिहिर, ऑफिसचे कपडे घातलेला शेहेचाळीस वर्षांचा माणूस, गादीच्या कडेला उभा राहिला.  त्यानं पाय सरकवल्यासारखं केलं आणि गादीवर जपून बसला.

"असं कोणी पडतं का?" आई म्हणाली. "माझ्या हातात पिशवी होती. पिशवी आधी गेली असणार."

पिशवी आणली गेली. दुसऱ्यांदा त्यानं ओढण्या धरल्या, पण सोनियानं त्या सोडल्याच नाहीत, त्यामुळं तो अर्धवट लोंबकळला आणि मग सोनियाच तोल जाऊन त्याच्यावर येऊन आपटली. त्याचा गुडघा गादीबाहेर फरशीवर जोरात आदळला. कळ डोक्यापर्यंत गेली. गुडघा धरून त्यानं वर पाहिलं तर आई आवाज न करता हसत होती, खांदे हलत होते, अगदी मघाशी मोबाइलवर दिसली तशीच. सोनिया ओढण्यांतून डोकं बाहेर काढायचा प्रयत्न करत होती. मिहिरलाही हसू फुटलं. ते थांबवता येईना, आणि मधेच आपण रडतोय की काय, असंही त्याला वाटून गेलं.

बऱ्याच वेळानं आईनं डोळे पुसले. "लागलं का रे तुला?" तिनं विचारलं. फार नाही, तो म्हणाला. मग तिनं सोनियाला वॉकर आणायला सांगितला.

ती उभी राहिली. सोनियानं कंबरेला धरायला हात पुढं केला, तो तिनं बाजूला केला. एक पाऊल, मग दुसरं, मग थांबा. मिहिर लंगडत तिच्या मागं मागं चालत होता, दोन्ही हात पसरून.  गॅलरीच्या दाराशी उंबऱ्याची बारीक पट्टी होती. इतकं सगळं बदलताना ती त्याच्या नजरेतून सुटली होती, आणि आता ती त्याला भिंतीएवढी दिसायला लागली. वॉकरचा पाय तिला अडला. आई पुढं झुकली.  पण तिनं चौकट धरली, श्वास घेतला आणि वॉकर उचलून पलीकडं टेकवला.

"हात खाली घे मिहिर," ती मागं न बघता म्हणाली. "पडले तर पडले."

ती गॅलरीतल्या खुर्चीवर जाऊन बसली. ऊन तिच्या पायांवर आलं होतं. खाली एक भाजीवाला गाडी ढकलत चालला होता. ती त्याच्याकडं बघत बसली. थोड्या वेळानं तिनं सोनियाला चहा टाकायला सांगितला आणि मिहिरला कामावर परत जायला.

तो गेला नाही. अर्ध्या दिवसाची रजा कळवून तो गॅलरीच्या दाराशी उभा राहिला. अजून तिला परत आत यायचं होतं.