काळ्यावर हिरवे आकडे

आलोशियस सरांनी मैदानावर येणं सोडलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं की गुडघे दुखत असतील. वसईतल्या पापडी गावच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर खेळ शिकवला होता. निवृत्त झाल्यावरही रोज संध्याकाळी ते मुलींना पळवायला यायचे. ते अचानक बंद झालं.

खरं कारण विनिताला कळलं ते एका रिमोटमुळे. विनिता त्यांची जुनी विद्यार्थिनी. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात ती टीव्हीचे भाग जोडायचं काम करायची. कारखाना बंद पडल्यापासून घरीच लोकांचे रिमोट, इमर्जन्सी लाइट, रेडिओ दुरुस्त करून द्यायची. सरांच्या बायकोनं, मटिल्डा आंटीनं, दिलेला रिमोट परत करायला ती गेली, तर सर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते.

"विनिता ना? ये. किती वाजले गं?"

विनितानं सांगितलं आणि मग तिच्या लक्षात आलं की सरांच्या मनगटावर घड्याळ आहे. तेच जुनं, चौकोनी, स्टीलच्या पट्ट्याचं डिजिटल घड्याळ. शाळेत असताना मुलं त्याला हात लावायला धडपडायची.

"बंद पडलंय का, सर?"

"ते चालू आहे. मीच बंद पडलोय," सर म्हणाले.

साखरेनं डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली होती. लेझर झालं, पण जेवढी नजर उरली तेवढीच राहणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. चालता-फिरता यायचं. माणसं ओळखू यायची. पण करड्या काचेवरचे करडे आकडे नीट न पुसलेल्या पाटीसारखे दिसायचे.

"त्या दिशाला मी रडवलं," सर म्हणाले. "आठशे मीटर पळून आली पोर. मी वेळ वाचली आणि ओरडलो, की अशी पळणार असशील तर येऊ नकोस. नंतर दुसऱ्या सरांनी त्यांचं स्टॉपवॉच दाखवलं. ती आजवरचं सगळ्यात चांगलं पळाली होती. तिनाचा आठ वाचला मी. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"दिशाला सांगितलंत का?"

"काय सांगू? आंधळा झालो म्हणून?"

मटिल्डा आंटी चहा घेऊन आली. "मुलानं नवीन घड्याळ पाठवलं होतं, बाय. निळा लाइट लागतो त्याच्यात. यांनी एकदा घातलं आणि ठेवून दिलं कपाटात."

"सगळी काचच चमकते त्याची," सर कुरकुरले. "आकडे त्यात बुडून जातात."

विनितानं रिमोट चालतो का ते पाहायला आत जाऊन टीव्ही लावला. टीव्हीखाली सीडी प्लेअर होता, त्यावर काळ्या पट्टीत घड्याळाचे हिरवे आकडे चमकत होते. दारातून आत येत सर सहज म्हणाले, "साडेपाच झाले की. चहा उशिरा केलास, मटिल्डा."

विनिता वळली. "सर, हे दिसतं तुम्हाला?"

"हे? हो. काळ्यावर उजेड असला की दिसतं."

तिनं हात पुढे केला. "घड्याळ द्या मला."

सरांनी मनगट छातीशी ओढलं. धाकटा भाऊ प्लासिड बोटीवर नोकरीला होता, त्यानं पहिल्या सफरीवरून ते आणलं होतं. प्लासिड जाऊन बरीच वर्षं झाली होती. "याला कोणी हात लावायचा नाही. बिघडलं तर?"

"तर बिघडेल," मटिल्डा आंटी म्हणाली. तिनं कप खाली ठेवला, नवऱ्याचा हात धरला आणि पट्ट्याची कडी स्वतःच उघडली. "नुसतं हातावर बांधून बसण्यापेक्षा बरं. घेऊन जा, बाय."

विनितानं आधी स्टेशनजवळच्या फेरीवाल्याकडून एक स्वस्त घड्याळ घेतलं, बटण दाबलं की हिरवं उजळणारं. दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, खिडकीच्या उजेडात, तिनं ते खोललं. आकड्यांच्या मागे कागदासारखी पातळ चकती होती, उजेड ती द्यायची. चकती आणि तिला वीज पुरवणारी चिमुकली कॉइल तिनं अलगद काढली. त्या नादात त्या घड्याळाची काच फुटली. बरं झालं याच्यावर आधी हात साफ केला, असं ती मनाशी म्हणाली.

मग सरांचं घड्याळ. मागचं झाकण निघालं. आत कोपऱ्यात मोहरीएवढा दिवा होता, केव्हाच गेलेला. आकड्यांच्या काचेमागे चंदेरी कागद चिकटवलेला होता. तो काढल्याशिवाय मागचा उजेड पुढे येणार नव्हता. ब्लेडच्या टोकानं ती तो सोलू लागली आणि कागदाबरोबर आणखी एक काळसर पापुद्रा निघून आला. काचेवरचे आकडे नाहीसे झाले.

विनितानं ते खिडकीच्या उजेडात धरलं. घड्याळ चालत होतं, पण दाखवत काहीच नव्हतं. संध्याकाळी तिचा नवरा श्रीरंग कामावरून आला, तेव्हा ती तशीच बसून होती.

"दुसरं आणता येणार नाही असं काही फुटलंय का?" त्यानं विचारलं.

"पापुद्रा गेलाय. तसाच दुसरा हवा."

"आपला तो बंद कॅलक्युलेटर? त्यात असतो का?"

असतो, हे तिला माहीत होतं. नुसतं सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं कॅलक्युलेटरच्या काचेचा पापुद्रा सोडवून मापात कापला आणि घड्याळाच्या काचेमागे धरला. आकडे परत आले, काळे. तिनं सुटकेचा श्वास सोडला. पण पापुद्रा जरा तिरका बसला होता, म्हणून चिमट्यानं ती तो फिरवू लागली. फिरवता फिरवता काच गडद होत गेली. पाव फेरा झाला, तेव्हा सगळी काच काळी झाली होती आणि आकडे तेवढे पांढुरके उरले होते.

आपण चुकलो असंच तिला आधी वाटलं. ती पापुद्रा परत सरळ करायला गेली आणि थांबली. आडोशाला हिरवी चकती मागे धरून तिनं तार टेकवली. काळ्यावर हिरवे आकडे उजळले, सीडी प्लेअरवर दिसायचे तसेच.

ती एकटीच मोठ्यानं हसली.

कॉइल बसवायला जागा नव्हती, म्हणून जुना दिवा काढून तिथं ती बसवली. सोल्डरिंगचे टाके इतके बारीक की श्वास रोखून द्यावे लागले. पण दिव्याचं जुनं बटण तेच राहिलं. सरांच्या बोटांना ते पाठ होतं.

सरांनी घड्याळ हातात घेतलं, बटण दाबलं आणि ते डोळ्यांजवळ धरलं. मग त्यांनी वेळ वाचली. पुन्हा दाबलं, पुन्हा वाचली. "मटिल्डा," त्यांनी हाक मारली, "चल, तुला वेळ विचारायची असेल तर विचार."

"तुमची वेळ तुमच्याजवळ ठेवा," आंटी आतून म्हणाली, पण तिचा आवाज ओला होता.

दुसऱ्या दिवशी तिघंही मैदानावर गेले. मुली पळत आल्या. दिशा मात्र मागेच उभी राहिली. सर तिच्याजवळ गेले. "त्या दिवशी तू चांगली पळाली होतीस. माझे डोळे अधू झालेत, मी चुकीचं वाचलं. आज पळशील?"

दिशानं मान डोलावली आणि ती रेषेवर गेली.

ती पळाली. सरांनी अचूक बटण दाबलं, थांबवलं, मग दिव्याचं दाबलं. आणि त्यांचा चेहरा उतरला. मैदानावर अजून लख्ख ऊन होतं. त्या उन्हात हिरवा उजेड कुठल्या कुठे गेला होता. काच नुसती काळी.

विनिताला रडूच आलं. घरात ती सावलीत बसून पाहत होती, उन्हाचा विचारच केला नव्हता. "सर, मी काहीतरी करते, मला दोन दिवस..."

"थांब." सरांनी डोक्यावरची टोपी काढली, तिच्यात मनगट घातलं आणि तोंड टोपीत खुपसलं. मुली फिस्सकन हसल्या. टोपीतून सरांचा आवाज आला. त्यांनी दिशाची वेळ वाचली, सेकंदांसकट.

"सर, खरं?" दिशा ओरडली.

"तूच बघ." त्यांनी टोपी तिच्यापुढे धरली. दिशानं डोकं आत घातलं आणि किंचाळली. मग सगळ्यांनाच बघायचं होतं. टोपीभोवती गर्दी झाली.

"पळायला आलात की सिनेमा बघायला?" सर गरजले. "चला, रेषेवर!"

सरांची नजर पुढे सुधारली नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी मैदान चुकवलं नाही. हिवाळ्यात दिशा ठाण्याला जिल्ह्याच्या स्पर्धेत पळाली आणि दुसरी आली. सर प्रेक्षकांत होते, टोपीत तोंड घालून. शेजारच्या माणसानं विनिताला हळूच विचारलं, बाबांना बरं वाटत नाही का?

"एकदम बरं वाटतंय," विनिता म्हणाली.