अठरा वर्षं न कापलेलं कापड

ग्रीसमधल्या आमच्या सलोनिकातल्या ज्यू घरांत एक रीत आहे. सुनेला पाचवा महिना लागला की पांढरंशुभ्र कापड पसरायचं आणि त्यातून बाळाचं पहिलं झबलं कापायचं. पहिली कात्री मारायची ती जिचे आईबाप दोघं हयात आहेत अशा बाईनं. कात्री लागली की वरून साखरेचे बदाम उधळायचे. माझ्या सुनेसाठी, ओरोसाठी, मी लग्नाच्या आठवड्यातच कापड आणून ठेवलं. माझ्या मुलाच्या, पेपोच्या, दुकानातलंच. पण तागे उलगडून निवडलं मी. त्याला कापडातलं काय कळतं!

ते अठरा वर्षं पेटीत पडून राहिलं.

मी गप्प बसणारी बाई नाही. दर वसंतात सणाआधी पेटी उपसायची, कापड गॅलरीत उन्हाला टाकायचं आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणायचं, "कापड पिवळं पडायला लागलं, पण आमच्या राणीसाहेबांना सवड नाही."

ओरो आतून म्हणायची, "पडू दे की आई. तुमच्या रंगाला जुळेल."

"माझ्या रंगाला? वीस वर्षांची असताना मला बघून बंदरावरचे हमाल ओझं खाली टाकायचे."

"थकले असतील हो बिचारे."

असं आमचं चालायचं. तिच्या हातच्या वांग्याच्या करंज्या मला माझ्यापेक्षा चांगल्या लागायच्या, आणि हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय. मूल राहावं म्हणून मी तिला डोंगरातला पाला उकळून पाजला. समुद्राच्या सात लाटा अंगावर घ्यायला नेलं, तर ही कपड्यांसकट पाण्यात शिरली. "बायकाबायकांत कसली लाज?" म्हणून मी तिला तिथंही चार शब्द सुनावले.

जर्मनांनी आमच्या लोकांना आगगाडीत कोंबलं तेव्हा मी आणि पेपो डोंगरात एका चीजवाल्याच्या खोपटात लपलो होतो. माझा नवरा आणि लेक गाडीत गेली. परत आली नाहीत. ओरो परत आली, एकटी, डोक्यावर बोटभर केस आणि हातावर नंबर; पेपोशी तिचं लग्न त्यानंतरचं. छावणीत काय झालं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तेव्हा सगळ्या घरांत असंच होतं.

चौसष्ट सालच्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या कोर्टाचं पत्र आलं. छावणीतला एक डॉक्टर सापडला होता, लोथार ब्रेंके. सापडला कसला, तो लपलाच नव्हता! औषधविक्याचा मुलगा, शिकून डॉक्टर झालेला. लढाईनंतर एका लहान गावात दारावर स्वतःच्या नावाची पितळी पाटी लावून बसला होता. बायकांचा डॉक्टर. पंधरा वर्षं बाळंतपणं करत होता. ओरोनं येऊन साक्ष द्यावी, असं पत्रात होतं.

"त्यानं तुला काय केलं?" मी विचारलं.

पेपो उठला. "आई, राहू दे."

"तू बस खाली. मी तिला विचारतेय."

ओरो वांगी सोलत होती. तिनं सुरी खाली ठेवली नाही, सोलता सोलताच सांगितलं. पोटाशी एक पत्रा, पाठीशी एक पत्रा. मधोमध उभं राहायचं. एक्स-रेचं यंत्र गुरगुरायचं, तो घड्याळ बघायचा. हात लावायच्या आधी तळवे चोळून गरम करायचा, बाईला गार लागू नये म्हणून. मग कातडी काळी पडली, फुटली. महिन्यानं पोट कापलं. आतलं नीट जळलंय का ते बघायला काढून बरणीत ठेवलं. तिची चुलतबहीण रिकेता शेजारच्या खाटेवर होती, ती तिसऱ्या दिवशी गेली.

"लग्नाआधीच मी पेपोला सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला सांगू नको असं मीच त्याला म्हटलं."

मी तिच्या हातातली सुरी काढून घेतली. म्हटलं, "मग अठरा वर्षं मला बोलू का दिलंस, कार्टे?"

"ज्यांना माहीत होतं ना आई, ते माझ्याशी फुटका माठ उचलावा तसं वागायचे. जपून. तुम्ही एकट्या मला धडधाकट बाईला बोलावं तसं बोलायचात. मला ते बरं वाटायचं."

मग म्हणाली, "मी काही जाणार नाही. परक्यांसमोर उभं राहून हे सांगायचं? आणि तिथं आता थंडी. लोकरीचं काही माझ्या पोटाला सोसत नाही, अजून सोलतं."

थंडीची ती सबब होती, कळत होतं मला. पण सगळ्या कारणांतलं तेवढंच एक माझ्या हातातलं होतं.

सकाळी मी पेटी उघडली आणि कापड टेबलावर पसरलं. "उभी राहा. माप घेऊ दे."

"कशाचं?"

"आतून घालायच्या झग्याचं. तलम आहे, घासणार नाही."

तिनं कापडावर हात ठेवला. "आई, हे बाळाचं आहे."

"चाळीस वर्षांची घोडी झालीस, तरी या घरात सगळ्यात लहान तूच आहेस. हात काढ."

आता पहिली कात्री कुणी मारायची? आईबाप दोघं हयात असलेली बाई हवी. आम्ही दोघींनी गल्ली गल्ली आठवली. या गल्लीतली सारीना, तिचं कुणी नाही. बंदराकडची, तिची आई नाही, बाप नाही. तिच्या वयाच्या आमच्या बायकांत अशी एक निघेना. मग कात्री मीच घेतली. देवाला म्हटलं, नियम आधी तू मोडलास, मला बोलू नकोस.

कापड करकरलं. मी मूठभर बदाम उधळले. एक तिच्या कपाळावर टणकन बसला.

"आई, नेम धरून मारलात!"

"अठरा वर्षं धरला होता."

ती हसली, आणि हसता हसता खाली बसून रडायला लागली. माझ्यासमोर पहिल्यांदा. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं तिथूनच म्हणाली, "पेपोला सांगा, दोन तिकिटं काढ म्हणावं."

कोर्टात त्याच्या गावच्या बायका फुलं घेऊन आल्या होत्या. तो पांढऱ्या केसांचा, नीटनेटका, चार लोकांत आजोबा म्हणून शोभला असता. बसल्या बसल्या तळवे एकमेकांवर चोळत होता. ओरोनं ते बघितलं आणि माझं मनगट घट्ट धरलं. सरकारी वकिलानं त्यानं बायकोला लिहिलेलं एक पत्र वाचलं, रिकेता गेली त्या दिवसाचं. आज कामाची गर्दी होती, छोटीच्या दाढेला लवंगेचं तेल लाव. एवढंच.

ओरो उभी राहिली आणि सगळं बोलली, आमच्या भाषेत. दुभाष्याला दोनदा पाणी प्यावं लागलं. छावणीत तिच्या खोलीत असलेल्या बारा बायकांची नावं तिनं सांगितली, बापाच्या नावासकट.

मग त्याचा वकील उठला. आमच्या डॉक्टरांनी तीन हजार मुलं जन्माला आणली, म्हणाला. आणि गोड आवाजात, "बाई, तुमचं लग्न झालं, संसार झाला. म्हणजे आयुष्य काही वाया गेलं नाही. मुलं किती?"

ओरोनं मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"एकही नाही," ती म्हणाली. "अठरा वर्षं माझी सासू मला हेच विचारत आली. तिला विचारायचा हक्क होता. तुम्हाला नाही. तुम्ही त्याला विचारा."

दुभाष्यानं सांगितल्यावर फुलंवाल्यांतली एक बाई उठली आणि बाहेर गेली. फुलं बाकावरच राहिली. डॉक्टरचं तळवे चोळणं थांबलं होतं.

त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली, तीही पुरी भोगली नाही. तब्येतीचं कारण सांगून सोडला. मी माझ्या सुनेला अठरा वर्षं सुनावली, त्याला नऊ. जर्मनांचा तराजू काय तो मला कळला नाही.

घरी आल्यावर ओरोनं झगा धुतला आणि गॅलरीत वाळत घातला, जिथं मी कापड टाकायची तिथंच.

"उरलेल्या कापडाचं काय करायचं, आई? तुमच्या शेवटच्या कपड्यांसाठी ठेवू?"

"मेले तुझे शत्रू! उशांचे अभ्रे शिव," मी म्हटलं. "आणि आज वांग्याच्या करंज्या कर. मीठ बेतानं घाल."