दहावं नाव

मी थकलेय, हे आधीच सांगते. एकवीस वर्षांची पोरगी थकली कशानं, असं कुणी विचारलं तर त्याला म्हणावं, आधी दहा माणसं एका यादीत आणून दाखव.

यादी ऑनर्सची. नांदेडला आमच्या कॉलेजात बी.ए. तीन वर्षांत संपतं. पुढं चौथं वर्ष केलं तर आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात ऑनर्स मिळतं. पण प्राचार्यांची अट अशी की दहा जण असतील तरच वर्ग निघेल, आणि दहाचे नऊ झाले तर दुसऱ्या सेमिस्टरला बंद. अर्जावर पोराची सही पाहिजे तशी बापाचीही, शनिवारपर्यंत. आणि इकडं मुखेडला माझ्यासाठी एक स्थळ टपूनच बसलेलं. आईनं फोनवर साफ सांगितलं, "शिल्पा, तुझा वर्ग हाय तवर तुझे अण्णा गप हायत. वर्ग न्हाई निघाला तर मला काई बोलता यायचं न्हाई."

आणि मला हा विषय खरंच आवडतो, त्याचं कुणाला काही पडलेलं न्हाई. बर्मातून तुरीची जहाजं निघाली की लातूरच्या आडतीत भाव का घसरतो, हे मला गुरुपादप्पा सरांच्या तासाला कळलं. त्या दिवशी मी मेसमध्ये जेवायला जायचंच विसरले.

माझं धरून नऊ नावं कशी जमवली ते विचारू नका. कुणाच्या काकाला चहा पाजला, कुणाच्या भावापुढं हात जोडले, एका आजोबांना नकाशात चीन दाखवला. लखन तर फक्त लायब्ररीचं कार्ड चालू राहावं म्हणून आला. येऊ दे म्हटलं, दगडापेक्षा वीट मऊ.

शुक्रवारी दुपारी दहाव्या नावासाठी लोह्याची एस.टी. धरली. करिश्मा आमच्याच वर्गातली, रोज लोह्याहून अपडाऊन करणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी. तिचे वडील पिराजीकाका तिथल्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करतात. नुकतेच कामावरून येऊन ओट्यावर टेकले होते.

"डिग्री तर झाली न्हवं आता?" काका म्हणाले. "संपली म्हणली ही."

एरवी मी खोटं बोलत न्हाई, देवाशप्पथ. पण आठ दारं झिजवून माझ्या पायाचे तुकडे पडले होते आणि हाती एकच दिवस होता.

"काका, तीन वर्षांची डिग्री आता अर्धवट धरतात. पुरी डिग्री चार वर्षांची."

"अर्धवट?" काकांचा चेहरा पडला. "मंग पुरी करावं लागंल की. अर्धा ट्रक खाली केला म्हणून कोण सोडतंय आमाला?"

त्यांनी पेन मुठीत धरून सही केली. करिश्मा चहा घेऊन आली तसा कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि सही केली. मला इतका आनंद झाला होता, की ती कशी बघून राहिली होती हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

मला सोडायला ती स्टँडपर्यंत आली. तिथं तोंड उघडलं.

"माझा पोलीस भरतीचा फॉर्म हाय. लातूरचं मैदान. बाबा म्हणले होते, डिग्री झाली की जा. त्याच्यासाठीच तीन साल कॉलेज केलं मी. रोज पहाटे पळते. माहीत हाय का तुला?"

न्हवतं माहीत. तीन वर्षांत मी तिला कधी काही विचारलंच न्हवतं.

"मग सही कशाला केलीस?"

"तू बाबाला अर्धवट म्हणलीस. आता माझं ऐकतील का ते? समद्यांच्या बापांना विचारत हिंडलीस. मला एकदा तरी विचारायचंस."

तेवढ्यात गाडी लागली. काकांचं घर दहा मिनिटांवर होतं, परत जाऊन खरं सांगता आलं असतं. मी गाडीत चढले. लाज वाटत होती, तरी चढले. शनिवारी कागद ऑफिसात दिला.

वर्ग निघाला, स्थळ माघारी गेलं. करिश्मा रोज येते, माझ्यापासून दोन बाकं लांब बसते. एवढ्या हट्टानं मिळवलेला वर्ग, पण सर करार शिकवायला लागले की माझा जीव उबगतो. एकदा तिला गाठून म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "हाव, चुकलंच," आणि डबा खायला निघून गेली.

मग परवा सोमवारी ती आली न्हाई. लखन म्हणाला, पहाटे स्टँडवर लातूरच्या गाडीत चढताना दिसली, पायात पळायचे बूट होते. मी समजून गेले, घरी न सांगताच गेलीय. आमच्याकडं गैरहजेरी लागली की अर्ध्या तासात बापाच्या मोबाईलवर मेसेज जातो. पिराजीकाकांना वाचता येत न्हाई, पण मोंढ्यात वाचून दाखवणारे पन्नास जण हायत.

सर हजेरी घेऊ लागले. माझं नाव झालं, लखनचं झालं. शेवटी करिश्माचं आलं.

"हजर, सर," मी म्हटलं.

नऊ जणांच्या वर्गात कुणाचा आवाज कुठून आला हे काय लपतंय? सगळे वळून बघायला लागले. सरांनी चष्मा काढला.

"शिल्पा, तुझं झालं की मघाशी."

"हाव सर. हे करिश्माचं हाय. ती लातूरला मैदानावर हाय, भरतीला."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाले, "तिची निवड झाली तर हा वर्ग नवावर येतो. दिवाळीनंतर बंद. तुला कळतंय ना, काय करून राहिलीस ते?"

"कळतंय, सर."

मला हा वर्ग पाहिजे होता, अजून पाहिजे हाय. पुन्हा दारोदार हिंडायचं बळ आता माझ्यात न्हाई. सरांनी खाली बघून करिश्माची हजेरी लावली आणि फळ्याकडं वळले.

मी वही उघडली. आता तिचे आठशे मीटर चालू असतील, म्हटलं. पळ बाई, मागं बघू नको.