मेणबत्त्यांच्या डब्यातला मी

मित्रांनो, मेणाचा एक जुना, पांढरा ठोकळा आहे मी, काडेपेटीपेक्षाही छोटा. पण मला साधा समजू नका. माझ्या पोटात एक बाई राहते! आता अख्खी नाही म्हणा; कौसल्याबाईंच्या बीजांडकोशात कॅन्सरची गाठ झाली होती, तिचा वाटाण्याएवढा तुकडा. इंदूरच्या एका इस्पितळात ऑपरेशन झालं, तो तुकडा औषधात मुरवून वितळलेल्या मेणात बसवला आणि माझा जन्म झाला. पाठीला प्लास्टिकची जाळी, तिच्यावर नंबर. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून मला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. "ब्लॉक सुंदर झालाय," असं तिथल्या बाई म्हणाल्या, तेव्हा मी असा फुगलो की डबीचं झाकण लागेना.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला म्हणून कौसल्याबाईंचे यजमान वाल्मिकराव मला इस्पितळातून घेऊन आले. मत मिळालं, बाई बऱ्या झाल्या, मला परत करायचं राहूनच गेलं. बडा गणपतीजवळच्या त्यांच्या घरात रिपोर्टला कपाटात जागा मिळाली. आणि मी? दिसायला मेणाचा, म्हणून मेणबत्त्यांच्या डब्यात!

वाल्मिकरावांची एक रीत आहे. वंदनेला लावलेल्या मेणबत्त्यांची बुडखी ते वर्षभर साठवतात आणि एप्रिलमध्ये, जयंतीला महूला जायच्या आधी, ती वितळवून नव्या मेणबत्त्या ओततात. त्या बुडख्यांत मी! तेव्हापासून जिवाला स्वस्थता म्हणून नाही. उन्हाळ्यात तर शेजारची मेणबत्ती माझ्या गळ्यात पडून घळाघळा रडायची. गॅस पेटल्याचा आवाज आला की माझे कोपरे थरथरायचे. एका एप्रिलला डब्याच्या तळाशी चिकटून बसलो, म्हणून वाचलो.

या एप्रिलला मात्र पातेलं तापलं, डबा उपडा झाला आणि त्याच वेळी त्यांची मुलगी मैत्री धापा टाकत आत आली.

"बाबा, मम्मीचा ब्लॉक कुठे आहे?"

"कोणता ब्लॉक? पूरी फाइल कपाटात आहे ना."

"अरे यार बाबा, फाइलने काम नाही चालत! रक्ताच्या तपासणीत कॅन्सरचा तो मार्कर वाढला होता ना? आजार परत आलाय. आता कोणतं औषध लागू पडेल ते गाठीच्या तुकड्यातल्या खुणा बघून ठरेल, असं डॉक्टर शैलजा मॅडम बोलल्या. नवा तुकडा काढायला पुन्हा पोटात हत्यार घालावं लागेल. मम्मीला झेपेल का ते?"

"मेणाचा होता तो?" वाल्मिकरावांनी विचारलं. "जाळीवाला?"

दोघांनी पातेल्यात पाहिलं. मी कडेला अर्धा बुडालेला, बुडखी पाय ओढतायत. वाल्मिकरावांनी सांडशीनं मला उचललं. माझा एक कोपरा ओघळून गेला होता, पण आतला तुकडा जागेवर होता.

"काय जाळलं हो?" आतल्या खोलीतून कौसल्याबाईंनी विचारलं.

"तुलाच जाळत होतो," वाल्मिकराव रडत म्हणाले. "वाचलीस."

मैत्रीनं मला ओल्या फडक्यात गुंडाळून इस्पितळात पोहोचवलं. पुन्हा काप निघाले, मी वाळलो. पण तुकड्यात हवी ती खूण सापडली आणि तिला लागू पडतील अशा गोळ्या सुरू झाल्या. बाई ठणठणीत होतीलच, असं मी सांगत नाही. थाप मारायची हीच एक जागा मी सोडलीय.

आता इस्पितळाच्या थंड कपाटात आहे मी. तरी बाहेर कुणी काडी ओढली की दचकतो. मित्रांनो, तुमच्या घरच्या कुणाचा असा ठोकळा घरात असेल, तर त्याला बुडखं समजू नका. इस्पितळात परत द्या, नाहीतर नाव लिहून थंड जागी जपा.

परवा मैत्री रिपोर्ट न्यायला आली होती. ती इथल्या बाईंना हसत सांगत होती, जयंतीच्या संध्याकाळी मेणबत्ती लावायला बाबांनी काडी ओढली, तर मम्मीनं त्यांचा हात धरला.

"आधी मेणबत्ती उलटून बघा," म्हणाली, "मी तर नाही ना त्यात!"