कडता न कापणारा काटा

मित्रांनो, मी वैरागच्या आडत दुकानातला जुना लोखंडी वजनकाटा आहे. आता अंगावर गंज आहे, शेळ्या माझ्या फळीवर ऊन खात बसतात. पण एके काळी व्यापारी देवाच्या आधी माझी शपथ घेत. हसू नका, खरंच सांगतो!

शहात्तर साली मला ट्रकमध्ये बसवून सोलापूरला, शुक्रवार पेठेत नेलं. तिथल्या महादेवप्पा डॉक्टरांचा काटा आमच्या वैरागच्या हिंदुरावांना नुसतं पाहूनच लंगडा झाला होता. हिंदुराव म्हणजे ज्वारीच्या दोन पोत्यांचा गडी. ते चढले तेव्हा माझी दांडी अशी उसळली, की छपरावरचं कबूतर दचकून थेट सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन बसलं.

पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. हिंदुरावांना मधुमेह होता. अंगठ्याची जखम भरत नव्हती. पाय जातो की काय अशी भीती होती. डॉक्टर म्हणाले, "आतड्याचा बराचसा भाग बाजूला ठेवून अन्नाला जवळची वाट करून देऊ. वजन उतरेल, साखरही उतरेल. पण आधी पथ्य पाळून दीड क्विंटलच्या आत या. एवढ्या देहाला भूल दिली, तर जिवावर बेतेल."

"म्हंजी पोटात आडवाट की!" हिंदुराव म्हणाले.

तपासणीच्या दर खेपेला माझ्याबरोबर आमचा तोलार कुंडलिक येई. तो वजन करून मोठ्यानं पुकारी. काही महिन्यांनी एकदा त्यानं दांडीवरचा गोळा सरकवला आणि बाजारात मालाच्या वजनातून वजावट करायच्या सवयीनं पुटपुटला, "बारदानाचा कडता, ओलीचा कडता, मातीचा कडता..." तेवढं वजन मनातल्या मनात कापलं आणि आरोळी ठोकली, "दीडच्या आत!"

"मग उद्याच ऑपरेशन," डॉक्टर आतून म्हणाले. हिंदुराव लहान मुलासारखे हसले. मी मात्र गारठलो. मी खरं वजन दाखवत होतो. पण काट्याला तोंड कुठलं?

तोंड होतं रंभाबाईला, हिंदुरावांच्या बायकोला. ती पदर खोचून पुढं आली. "कुंडलिकभावजी, माती कुनाची कापली? रोज घासून आंगूळ घालते मी ह्यांना!"

कुंडलिकनं जीभ चावली. "वैनी, हाताची सवय. पोतंच वाटलं बगा."

"पोतंच हाय, पर माजं हाय. ह्याचा कडता न्हाय कापायचा!"

ऑपरेशन पुढं गेलं. हिंदुराव रुसले. पाहुण्यांनी डब्यात लपवून आणलेल्या शेंगापोळ्या रंभाबाईनं दारातूनच परत धाडल्या. शेवटी कडता न कापता मी दीडच्या आत दाखवलं, तेव्हा माझी दांडी अभिमानानं थरथरत होती. ऑपरेशन झालं. हळूहळू साखर उतरली, जखम भरली. पथ्य आणि तपासण्या मात्र जन्माच्या सोबतीला राहिल्या.

पुढच्या सुगीत हिंदुराव आपल्या दोन्ही पायांनी चालत दुकानात आले. माझ्यावर चढले आणि शेजारी ज्वारीचं भरलं पोतं ठेवायला लावलं. दांडी नेमकी तिथंच ठरली, जिथं पूर्वी ते एकटे चढल्यावर ठरायची.

रंभाबाई त्या पोत्याकडं बघत राहिली. "अवो, एवढं वजं घिऊन हिंडत हुता व्हय तुमी?"

मित्रांनो, जमलं तर माझ्या सांध्यांत थोडं तेल घाला. आणि काट्यावर उभे राहाल, तेव्हा कडता मागू नका. जो तुम्हाला जीव लावतो, तो कडता कापत नाही.