न भिजणारी माती

गेन्काई बुवांनी मातीवर पळीभर पाणी ओतलं, आणि पाणी मोत्यांसारखं घरंगळलं.

जपानातल्या डोंगराखालच्या कुरामी गावच्या देवळापुढे जमलेल्या दीडशे माणसांनी श्वास रोखला. बुवांनी लाकडी वाडगा तिरपा केला. थेंब खालच्या तबकात टपटपले. मग त्यांनी वाडग्यातली चिमूटभर माती उचलून फुंकर मारली, तर तिचा धुरळा उडाला. कोरडी ठणठणीत!

"पाहिलंत? डोंगरदेवीनं स्वतः निवडलेली माती आहे ही. पाण्याची हिंमत नाही हिला शिवायची!" बुवांचा आवाज शंखासारखा होता, आणि शंख तर गळ्यात होताच. "आता ही दुसरी पाहा. तुमच्या गावावरच्या उताराची."

दुसऱ्या वाडग्यातली माती काळी, भुसभुशीत. पाणी पडलं आणि दिसेनासं झालं.

"प्यायली! घटाघटा प्यायली! कोण पितंय हे पाणी? माती पिते होय? मातीला तोंड असतं होय? अरे, तुमच्या डोक्यावर साप निजलाय, तो पितोय!"

साप म्हटल्यावर बायकांनी पोरं जवळ ओढली. डोंगर फुटून चिखल-दगडांचा लोंढा खाली आला, की कुरामीत 'साप सुटला' म्हणतात. बारा वर्षांपूर्वी सुटला तेव्हा अकरा घरं गेली. गावप्रमुख मागोइचींचा थोरला मुलगा त्यात गेला, आणि नुइचा नवराही.

नुइ पुढच्या रांगेत हात जोडून बसली होती. तिची धाकटी बहीण कुमे मागे, कमरेवर हात ठेवून उभी होती. कुमेला गाव 'खड्डेवाली' म्हणायचं. महायुद्ध संपल्यावर जंगलखात्याचे साहेब मातीची पाहणी करायला आले, तेव्हा दोन उन्हाळे तिनं त्यांच्यासाठी छातीएवढे खड्डे खणले होते. तेवढीच तिची शाळा.

"बुवा," ती म्हणाली, "ते पाणी ओतून टाकू नका. राहू द्या जरा वाडग्यात. बघू किती वेळ टिकतं."

"देवीची परीक्षा घेतेस?"

"देवीची कशाला? मातीची."

"खड्डे खणून खणून बाईच्या डोक्यातही खड्डा पडलेला दिसतो!" बुवा म्हणाले, आणि देवळापुढे हशा पिकला. नुइ हसली नाही. तिनं वळून बहिणीकडे अशा नजरेनं पाहिलं, की कुमेनं कमरेवरचे हात खाली घेतले.

बुवांचा उपाय सोपा होता. देवीची माती कागदाच्या पुडीत बांधून प्रत्येकानं उंबऱ्याखाली पुरायची. आणि उतारावरची पिणारी माती, सापाची जीभच ती, खरवडून काढायची. बुवांचा ट्रक ती नेऊन दूरच्या नदीत सोडणार होता. बुवा इतके दयाळू, की ट्रकचं भाडंही मागत नव्हते.

कुरामीच्या हातांना हे काम पिढ्यान् पिढ्यांचं. दर शरदात सगळं गाव बांबूची दाताळी घेऊन उतारावर जायचं आणि शेतासाठी गळलेली पानं ओढून आणायचं. पण जुन्यांचा नियम होता, दाताळं एकदाच फिरवायचं आणि बोटभर पानं मागे ठेवायची. या वर्षी ऐन ऑगस्टात दाताळी चालली, ती दहादा चालली. पानं गेली, त्याखालची काळी माती गेली. कुमेनं चौथ्या दिवशी जाऊन पाहिलं, तर झाडांची मुळं कोंबडीच्या पायांसारखी उघडी पडली होती.

"मागोइचीदादा, अहो, हे थांबवा," ती म्हणाली. "या मातीत मुळांच्या, गांडुळांच्या लाख वाटा असतात. पाणी त्यातून आत मुरतं आणि दमादमानं खाली झिरपतं. म्हणून तर आपला झरा बारमाही. वरचा थर सोलला की पाणी मुरणार नाही, धावत सुटेल. आणि वाटेत भेटेल ते घेऊन येईल."

"मग बुवांची माती पाणी का झटकते?"

"ती डोंगराच्या वरच्या कण्यावरची आहे, हिनोकीच्या सुईपानी झाडांखालची. तिथं वारा फार, ओल टिकत नाही. त्या मातीत बुरशीचे पांढरे तंतू माजतात, कणाकणाला मेणचट लेप चढतो. अशी माती वाळली की पाण्यावर रुसते, पण पाणी वर राहू दिलं की हळूहळू भिजतेच. रुसवा म्हणजे चमत्कार नव्हे, दादा! आणि बुवांची झोळी बघितलीत? सदा चुलीवर टांगलेली. का? तर ती माती दमट होता कामा नये."

"माझं पोर गेलं ना, कुमे," मागोइची शांतपणे म्हणाले, "तेव्हा हीच तुझी पिणारी माती होती वर."

"होती," ती म्हणाली. "फार पाऊस झाला तर ती असूनही डोंगर येतो. मी कुठं म्हणते ती देवी आहे? पण जखमेवरची खपली कुणी मुद्दाम काढतं का?"

पालथ्या घड्यावर पाणी. कुमे परतली तेव्हा बुवांचा ट्रक भरला जात होता. काळी माती भरायची रिकामी पोती एका बाजूला रचून ठेवली होती, आणि प्रत्येक पोत्यावर शहरातल्या एका रोपवाटिकेचा शिक्का होता. नदीत सोडायच्या मातीला पोती कशाला लागतात, हे दीडशे माणसांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

मग पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी रेडिओनं वादळाची खबर दिली. शाळा डोंगराच्या बाजूच्या दगडी सोंडेवर होती, तिथं जायला हवं होतं. पण बुवांनी बजावलं, "उंबरा सोडणं म्हणजे देवीवर अविश्वास. जो सोडील, त्याच्यामागे साप लागेल." त्यांच्याच सांगण्यावरून उताराखालची सगळी माणसं नुइच्या मोठ्या घरात, एका उंबऱ्याआड जमली. बुवा मधोमध चुलीशी बसून साके, म्हणजे तांदळाची दारू, घेत होते.

दुपारी कुमे भिजत आली. येताना तिनं झरा पाहिला होता. बारमाही झरा गढूळ होऊन आटत चालला होता, आणि भर पावसात ओढ्याचं पाणी उतरत होतं. हवेत ओल्या मातीचा उग्र वास होता, नुकतीच कबर खणावी तसा. तिनं धावतच नुइच्या घराचा उंबरा ओलांडला.

"ताई, चल."

"मी नाही यायची."

"अगं, झरा आटतोय! मागच्या वेळीही आधी झराच आटला होता, आठव."

"माझ्या उंबऱ्याखाली देवी आहे, कुमे. तू जा."

कुमेनं चुलीकडे पाहिलं. भाताचं पातेलं नुकतंच चढलं होतं. तिनं देव्हाऱ्यातला बुवांच्या देवीच्या मातीचा वाडगा उचलला, तो सगळ्यांच्या मध्ये ठेवला आणि त्यात पेलाभर पाणी ओतलं. पाणी मातीवर फुगून चकाकत राहिलं.

"बघा, आजही शिवत नाही!" बुवा गरजले.

"बघतेय ना. भात शिजेपर्यंत सगळेच बघू. वाडगा कुणी हलवायचा नाही. तोवर पाणी वर राहिलं, तर मीही इथंच बसते. मुरलं, तर सगळ्यांनी उठायचं. मागोइचीदादा, कबूल?"

मागोइची वाडग्याकडे बघत राहिले. "कबूल," ते म्हणाले. "भात शिजेपर्यंतच."

"देवीला वेळेचं बंधन?" बुवांनी हात पुढे केला. मागोइचींनी तो मधेच धरला. "असू दे, बुवा. तुमचीच देवी आहे, मग भिता कशाला?"

कौलांवर पाऊस कोसळत होता. पातेलं खदखदायला लागलं. वाडग्यातलं पाणी कडेनं किंचित उतरलं. एका पोरानं बोट दाखवलं, तर आईनं त्याचं बोट दाबलं. बुवा उठले. "मी बाहेर शंख फुंकून येतो. वाऱ्याला आज्ञा द्यायला हवी."

भाताचा वास घरभर पसरला. नुइनं सवयीनं झाकण काढलं, आणि मग वाडग्यात वाकून पाहिलं.

पाणी नव्हतं. चिखल होता.

मग तिनं चुलीतला चिमटा घेतला, दाराशी गेली आणि उंबऱ्याखाली उकरायला लागली. पुडी निघाली. कागदाचा लगदा झाला होता, आणि आतली देवीची माती तिच्या बोटांमधून गळाली. तीन दिवस ती मुकाट पाणी पीत होती.

शंख काही वाजला नाही. दूरवर ट्रकचा आवाज तेवढा ऐकू आला, वरच्या रस्त्यानं चढत जाणारा. साऱ्या कुरामीत उंबरा सोडून सगळ्यांत आधी पळाले ते बुवाच.

"उठा!" मागोइची ओरडले. "पोरं आधी, म्हातारी माणसं पाठीवर!"

ते शाळेच्या ओसरीत पोचून डोकी मोजतात न मोजतात, तोच डोंगर बोलला. आवाज आधी आला, मग झाडं उभीच्या उभी खाली सरकू लागली. खरवडलेला सगळा उतार सुटला. नुइचं घर, शिजलेला भात, उंबरा, सगळं त्याच्या पोटात गेलं. लगतची कुमेच्या वाट्याची एक पट्टी मात्र तशीच उभी राहिली. कुमेनं तिथं कुणाला दाताळं लावू दिलं नव्हतं. ती पुढच्या पावसातही उभी राहीलच, असं कुमे कधी म्हणाली नाही.

संध्याकाळी दोघी बहिणी शाळेच्या बाकावर बसल्या होत्या. नुइच्या नखांत अजून ती माती होती.

"तुला खरं वाटलं होतं, ताई?"

"मला झोप लागत होती गं," नुइ म्हणाली. "बारा वर्षांनी पहिल्यांदा. पुडी पुरली त्या दिवसापासून गाढ झोप लागत होती."

कुमेला रडू आवरेना. बुवांवर ती चिडू शकत होती, बहिणीच्या झोपेवर कशी चिडणार? लबाड माणूस आपल्याला नुसती मातीची पुडी देत नाही, आपल्या भीतीला थोपटून निजवतो, आणि आपण निजलो की डोक्यावरचा डोंगर सोलून नेतो.

आता कुरामीच्या शाळेत दोन वाडगे आहेत, आणि ते नुइच सांभाळते. नव्या पोरांपुढे ती दोन्हींत पाणी ओतते. एकातलं मुरतं, दुसऱ्यातलं घरंगळतं. पोरं "अबब!" करतात.

"अबब खुशाल म्हणा," ती सांगते. "पण म्हणून झालं की उठून जाऊ नका. विचारा, असं का होतं? आणि विचारणाऱ्याला जो दटावतो, त्याच्या उंबऱ्याआड बसू नका. चला, मी भात चढवते. तोवर डोळे उघडे ठेवून बघत राहा."