स्विच बंद करू नये

त्रेचाळिसावं वाक्य होतं. 'दुपारी दुकान बंद असतं, तुम्ही संध्याकाळी या.' बाई 'तुम्ही'पर्यंत पोचल्या आणि स्क्रीन काळी झाली. दोन क्षणांनी कॉम्प्युटर आपला आपणच पुन्हा सुरू झाला, जसं काही घडलंच नाही. आधीची बेचाळीस वाक्यं गेली ती गेलीच.

मिस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला. बाईंनी तेवढंही केलं नाही. त्यांनी मांडीवरची पाटी उचलली आणि खडूने लिहिलं, 'अजून किती पुरेल?'

"काय, वेळ?"

बाईंनी गळ्याला बोट लावलं.

बाई म्हणजे त्याची बायको. पंचवीस वर्षं बालवर्ग शिकवलेला, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची, आणि लग्नानंतर वर्षभरात नवराही म्हणायला लागला. चाळीस पोरांच्या गोंधळावर एका हाकेत झाकण घालणारा आवाज. मिस्त्री लिफ्टची दुरुस्ती करायचा. तो सगळ्यांना सांगायचा की मी आठव्या मजल्यावरच्या मोटररूममध्ये असलो तरी हिची हाक घरातून ऐकू येते. त्याच गळ्यात गाठ निघाली. सोमवारी सकाळी आठला ऑपरेशन होतं आणि त्यात स्वरयंत्रच काढून टाकणार होते. आज रविवार.

एक वाट होती. हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनी कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम टाकून दिला होता. त्यात ठरलेली साडेतीनशे वाक्यं वाचून दिली की तो तसाच आवाज तयार करतो. मग बाईंनी टाईप करायचं आणि मशीनने बाईंच्या आवाजात बोलायचं. साडेतीनशेला एकही कमी चालत नाही. पन्नास-पन्नासचा एक संच. संच पुरा झाला तरच तो जमा होतो, मध्ये मशीन बंद पडलं तर त्या संचाच्या नावाने आंघोळ. मशीन आणि माईक मध्येच बदलायचा नाही, बदलला तर पहिल्यापासून सुरुवात. आणि गळा असा झालेला की दिवसाला शे-सव्वाशे वाक्यं झाली की नुसती हवा बाहेर यायची.

मंगळवारी सुरुवात केली. पाच संच कसेबसे जमा झाले. त्यांच्यापायी किती अर्धवट संच मातीत गेले ते मिस्त्रीच्या वहीत लिहिलेलं होतं. कॉम्प्युटर कधी मान टाकेल याचा नेम नव्हता.

आता विजेवर आयुष्य काढलेल्या माणसाला संशय येणार तो विजेचाच. त्याने मीटर लावून तासातासाला व्होल्टेज मोजलं. बोर्ड बदलला, वायर बदलली, शेवटी घरातला फ्रिजसुद्धा बंद केला. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं म्हणून आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून त्या खोडरबराने घासल्या. शुक्रवारी कॉम्प्युटरचा डबाच उचलून त्याच्या दुकानात नेला. तिथे टेबलावर मशीन दिवसभर गुण्यागोविंदाने चाललं. दवाखान्यात गेल्यावर दुखणं पळतं, त्यातला प्रकार.

"काका, मशीन ठणठणीत आहे," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "तुमच्या घरची लाईन बघून घ्या."

सबंध शुक्रवार असा वाया गेला. दूर राहणारी लेक फोनवर रडून म्हणाली, "बाबा, तुम्ही अख्ख्या गावाच्या लिफ्ट चालू करता, मग आईचं एवढं एक मशीन तुम्हाला चालवता येत नाही?" ते तिने बोलायला नको होतं, पण बोलली त्यात खोटं काही नव्हतं.

तसं त्याने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. प्रोग्रॅमला शांतता हवी. जरा खुट्ट झालं की तो लाल अक्षरांत सांगायचा, 'मागे आवाज येत आहे. पुन्हा वाचा.' म्हणून मिस्त्रीने पहिल्याच दिवशी खोलीच्या खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, भिंतींना ब्लँकेटं टांगली. तरी कॉम्प्युटरच्या डब्याची घरघर माईकमध्ये जायची. मग त्याने डबा कपाटाच्या खालच्या कप्प्यात घातला, वर-खाली, आजूबाजूला दोन रजया नीट खोचल्या आणि दारातून वायरी काढून दार लावून टाकलं. एकदम चिडीचूप. बाईंनी पाटीवर लिहिलं होतं, 'शाब्बास!' त्या दिवशी तो स्वतःवर जाम खूश होता.

आणि आज रविवारी दुपारी बारा वाजता तो जमिनीवर बसून वही चाळत होता, कारण दुसरं काही करायला उरलंच नव्हतं. लिफ्टच्या कामात त्याची एक शिस्त होती. बिघाड तोंडाने सांगायचा नाही, लिहायचा. मशीन किती वाजता सुरू झालं, किती मिनिटांनी बंद पडलं, सगळं वहीत होतं. बाईंनी हजेरीपुस्तकासारख्या रेघा मारून शेजारी आपलाही रकाना आखला होता: किती वेळ गप्प बसल्यावर किती वाक्यं निघतात.

मिस्त्रीने दोन्ही रकाने बोटाने खाली खाली वाचले. मग पुन्हा वरून वाचले.

रात्रभर विश्रांती: बाईंची वाक्यं साठ, मशीन एकतीस मिनिटं. लगेच पुन्हा सुरू: बाईंची वाक्यं बारा, मशीन अकरा मिनिटं. तासाभराने: बाई तीस, मशीन चोवीस. मशीन मनाला येईल तेव्हा बंद पडत नव्हतं. बाईंचा गळा दमत होता, तसं तेही दमत होतं.

आणि त्याला मागच्या महिन्यातली ती इमारत आठवली. रोज दुपारी लिफ्ट अडकायची. वर जाऊन बघतो तर घरघर ऐकू येते म्हणून सेक्रेटरींनी मोटररूमच्या खिडक्यांत गाद्या कोंबलेल्या. मोटर तापायची आणि आपला जीव वाचवायला बंद पडायची. मिस्त्रीने त्या भल्या माणसाला चार लोकांसमोर झापलं होतं, "अहो साहेब, मशीनलासुद्धा श्वास लागतो! नाक दाबून जिने चढायला सांगितलं तर तुम्ही चढाल का?" लोका सांगे ब्रह्मज्ञान.

त्याने कपाट उघडून रजईत हात घातला. डब्याच्या पत्र्याचा चटका बसला. तो चटका काही फार नव्हता, पण मिस्त्री तिथेच भिंतीला टेकून रडायला लागला.

"बाई, मीच केलं हे," तो म्हणाला. "मशीनमध्ये काही नाही. मीच त्याला रजईत कोंडलं. तुझ्या आवाजाचे शेवटचे दिवस मी कपाटात घालून जाळले गं."

बाई उठून आल्या. त्यांनी रजया पाहिल्या, वही पाहिली. समजायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांनी पाटीवर 'गाढव' लिहिलं, ते खसकन पुसलं आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या खरोखरच चिडल्या होत्या. ऊठसूट पोरांना माफ करणाऱ्या बाईंना हे माफ करणं जड जात होतं, आणि ओरडून मोकळं व्हावं तर ओरडण्यात वाक्यं खर्च झाली असती. मिस्त्रीला वाटलं, तिने शंभर शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण डबा बाहेर काढावा तर पुन्हा ती घरघर. आत ठेवावा तर मरतोय, बाहेर ठेवावा तर बोलू देत नाही. मिस्त्रीचं डोकं चालेना.

तेवढ्यात बाईंनी भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक केलं. त्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघराचा ओटा होता. त्यांनी खडूने भिंतीवर एक गोल काढला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

मिस्त्री ड्रिल घेऊन आला. मनगट जाईल एवढं भोक पाडलं. स्वतःच्या घराच्या भिंतीचा भुगा उडताना त्याला पहिल्यांदाच बरं वाटत होतं. डबा ओट्यावर गेला, एका बाजूचा पत्रा काढून टेबलफॅनसमोर बसला. वायरी भोकातून अलीकडे आल्या आणि उरलेल्या फटीत बाईंचा लोकरी मोजा गेला. प्रोग्रॅमने कुरकुर केली नाही.

दोन वाजता सहावा संच सुरू झाला आणि पावणेतीनला जमा झाला. मशीन हललं नाही. तासभर विश्रांती घेऊन सातवा, शेवटचा. दहा झाली, वीस झाली. पंचविसाव्यापासून आवाज चिरत गेला. एकेक वाक्य चार-चार वेळा. एकतिसावं निघालं. बत्तिसाव्याला बाईंनी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पाणी प्यायल्या, थांबल्या, पुन्हा हवाच. स्क्रीनवर 'वाक्य ३२. वाचा.' आणि शेजारी लाल दिवा. इतके दिवस ज्याच्या हातापाया पडलो ते मशीन आता निमूट थांबलं होतं, आणि कितीही वेळ थांबायला तयार होतं.

पाचला हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं. मिस्त्रीने वॉर्डच्या सिस्टरना फोन लावला. बोलता बोलता त्याचं बोलणं विनवणीवर आलं, मग रडण्यावर. सिस्टर म्हणाल्या, "काका, रडू नका. मी डॉक्टरांना विचारते." दहा मिनिटांनी फोन आला. "रात्री दहानंतर काही खायचं-प्यायचं नाही. सकाळी साडेसहाला इथे हजर. साडेसहा म्हणजे साडेसहा."

म्हणजे एक रात्र मिळाली. रात्रभराच्या विश्रांतीनंतरचा आकडा साठापासून रोज घटत आला होता; उद्या सकाळी वीस वाक्यांपुरता गळा चालेल, त्याहून जास्त नाही, हे वही सांगत होती. त्यामुळे झालेली एकतीस गमावून चालणार नव्हतं, आणि ती फक्त त्या चालू मशीनच्या पोटात होती. रात्रीत ते एकदा जरी बंद पडलं तरी सगळं संपलं. दुपारी डबा ओट्यावर हलवतानाच कॉम्प्युटरवाल्याने स्वतःची बॅटरी आणून जोडली होती, वीज गेली तर म्हणून; आता तो पुन्हा धावत आला आणि मशीनची आपोआप झोपायची सवय मोडून गेला. "माझ्या डोक्यात यायला हवं होतं, काका," एवढंच म्हणाला.

तरी मिस्त्रीचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याने हत्यारांच्या पिशवीतून लिफ्टच्या कामाची पत्र्याची पाटी काढली. शाफ्टमध्ये उतरताना ती मेन स्विचला अडकवायची असते: 'माणूस आत आहे. स्विच चालू करू नये.' त्याने 'चालू'वर कागद चिकटवला, त्यावर 'बंद' लिहिलं आणि पाटी ओट्यावरच्या स्विचला लटकवली. घरात दोघांशिवाय कुणी नव्हतं. तरी लटकवली, आणि खुर्ची टाकून तिथेच बसला.

सकाळी पाचला पंखा तसाच फिरत होता. बाई न्हाऊन माईकसमोर बसल्या. बत्तिसावं वाक्य निघालं, घोगरं पण बाईंचं. चाळीस. पंचेचाळीस. मिस्त्री भिंतीपलीकडे श्वास रोखून उभा होता, मोज्यातून जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकत. पन्नासावं वाक्य होतं, 'तुम्ही पुढे व्हा, मी आलेच.' बाईंनी ते एका दमात म्हटलं. स्क्रीनवर आलं, 'सर्व वाक्ये मिळाली.'

तो धावत आत गेला. बाईंनी त्याचा चेहरा पाहिला, पदर खोचला आणि स्वयंपाकघरात आल्या. रात्रभर फिरणारा पंखा, उघडा डबा, भिंतीचा भुगा आणि ती पत्र्याची पाटी त्यांनी नजरेखालून घातली. पाटी हातात घेऊन दोनदा वाचली. गळ्यात थोडंसं उरलं होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "आता तरी बंद करा ते. वीज काय फुकट येते?"

हे वाक्य साडेतीनशेत नव्हतं. मिस्त्रीने स्विचवर बोट ठेवलं, पण ते बोट काही खाली जाईना. शेवटी बाईंनीच पुढे होऊन स्विच बंद केला, पाटी त्याच्या पिशवीत टाकली आणि चपला पायात सरकवल्या. सहा वाजून गेले होते.